मथुरेच्या गाठी

"ह्यो गाठी कोणाच्यो?" मी विचारलं.

नवरा पडवीत बसून चहा पीत होता. कपातून डोकं वर न काढता म्हणाला, "माझ्यो."

"तुमच्यो?"

"मग काय शेजाऱ्याच्यो? गळ माझे, डबो माझो, गाठीपण माझ्योच."

माझ्या हातात नारळाच्या सोडणाचा, जाड सालीचा तुकडा होता आणि त्यात ओळीने गळ खोवलेले होते. प्रत्येक गळाला हातभर तांगूस बांधलेला. तांगूस म्हणजे नायलॉनचा चिवट दोरा. तेव्हा तो आमच्या किनाऱ्यावर नवा होता. आदल्या दिवशी होडीत पाणी चढलं म्हणून मी नवऱ्याचा डबा उन्हात रिकामा करत होते. एरवी त्या डब्याला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती.

नवऱ्याची गाठ मी डोळे मिटून ओळखली असती. गाठ ओढून झाली की उरलेला शेंडा तो सुरीने कापायचा आणि पेटत्या विडीचं टोक त्याला टेकवायचा. शेंडा वितळून त्याचा मोहरीएवढा मणी व्हायचा. "मणी असलो की गाठ आपली जागा सोडणा नाय," असं त्याचं म्हणणं. दुसरा कोणी तसं करत नसे. घराघरातली माशाची कढी जशी वेगळी, तशी किनाऱ्यावर प्रत्येकाची गाठ वेगळी.

माझ्या हातातल्या एकाही गाठीला मणी नव्हता. शेंडा अगदी गाठीलगत तोडलेला होता, आणि तोही दातांनी. दातांनी शेंडा तोडणारं माणूस आमच्या वाडीत एकच होतं. मथुरा.

मथुरा ही बाबू तारीची मुलगी. बाबू तारी म्हणजे गळाने मासे मारण्यात आमच्या भागातला उस्ताद. त्याला मुलगा झाला नाही, म्हणून त्याने गाठी मुलीला शिकवल्या. मथुरेचं लग्न झालं, नवरा बोटीवर कामाला म्हणून मुंबईला गेला तो परत आलाच नाही. मग ती बापाच्या घरी येऊन राहिली. बाप गेल्यावर एकटीच. जाळी दुरुस्त करून पोट भरायची. दिसायला काही रंभा नव्हती. पण आवाज कधी चढवायची नाही, आणि असल्या बायकांचाच मला राग येतो. भांडावं तर समोरून काही येत नाही, आपलेच शब्द आपल्या तोंडावर पडतात.

आता आमची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जाळं घरातल्या बाईने विणलं तरी चालतं. गळ मात्र ज्याचा त्यानेच बांधायचा. दुसऱ्याच्या गाठीवर मासा ओढणं म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं. त्यातून माझा नवरा तांडेल. होडी नाना कोयंड्यांची असली तरी सुकाणू याच्या हातात, पाण्याखालचं खडप कुठे आणि मासा कुठे हे ठरवणारा हा. याचा गळ पाण्यात पडल्याशिवाय बाकीच्यांनी गळ टाकायचा नाही. अशा माणसाच्या डब्यात एका टाकलेल्या बाईने बांधलेले गळ, आणि मला सांगतो, माझ्यो!

खोटं बोलताना मी त्याला पहिल्यांदा पकडलं होतं. ते मला झोंबलंच. पण त्याहून जास्त दुसरंच झोंबलं. मथुरा गाठ कशी बांधते ते मी तिच्या दारावरून जाताना पाहिलं होतं. गाठ ओढण्याआधी ती तोंडात धरते. ओठांत घेऊन जिभेने भिजवते, मग ओढते, मग दातांनी शेंडा तोडते. म्हणजे त्या सोडणातली प्रत्येक गाठ तिच्या तोंडातून आली होती. आणि माझा नवरा ती बोटांत धरून रोज दर्यात जात होता.

गळ होते तसे डब्यात ठेवले. त्या दिवशी बाजारात मी एका गिऱ्हाइकाशी इतकी भांडले की शेजारच्या बायका म्हणाल्या, "नाव आनंदी, आणि तोंड बघा!"

*

दुसऱ्या दिवशी होड्या बाहेर गेल्यावर मी मथुरेकडे गेले. ती दारात पाय पसरून बसली होती. पायाच्या अंगठ्याला जाळ्याची दोरी अडकवलेली.

"ये वैनी, बस," ती म्हणाली.

मी बसले नाही. "माका गळ बांधूक शिकव."

तिचा हात थांबला. "तुका? तुझ्या घरात तांडेल आसा."

"तांडेल शिकवणत नाय. बायल माणसान गळाक हात लावचो नाय म्हणतत. तुका लावलेलो चलता, माका चलणा नाय!"

टोला बसला की नाही कळलं नाही. तिने जाळं बाजूला सारलं, आतून तांगुसाचा गुंडा आणि दोन गळ आणले आणि माझ्यासमोर ठेवले. मग मी बसले.

"नेड्यातसून, गळाच्या ह्या भोकातसून, पलीकडे काढ," ती सांगू लागली. "आता मागच्या दोऱ्याभोवती पीळ दी. घट्ट नको. आजून दी. आता ह्यो शेंडो उलटो आण, आणि नेड्याकडची फाशी आसा मा, तिच्यातसून काढ. शाबास. हात चांगलो आसा तुझो."

तिने कौतुक केलं तेही मला आवडलं नाही. "आता ओढू?"

"थांब. आदी तोंडात घाल, भिजव."

"कित्याक?"

"कोरडी ओढलंस तर दोरो दोऱ्याक घासता, आतल्या आत जळता. आणि गाठ बसणा नाय. बसली असा वाटता, पण बसणा नाय. भिजवलंस की सळसळीत येता, आपसूक जाग्यार बसता. मगे हळू ओढूची. हिसको नको."

तो तांगूस तिच्याच गुंड्यातला, त्याचं टोक मघाशी तिने दातांनी तोडलेलं. तो मी तोंडात घालायचा?

"माका किळस येता," मी म्हणाले.

"मगे पाण्यात बुडव." तिने शेजारचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "पण कोरडी नको."

मी गाठ तशीच कोरडी ओढली. तिने माझ्या हातातून गळ घेतला, नखाने गाठ चाचपली आणि तो खाली ठेवला. तेवढ्यात मी विचारलं, "मथुरे, तू गळ कोणासाठी बांधतंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं, हे मला कळलं.

"जेका होये आसतत तेच्यासाठी," ती म्हणाली.

"आणि तेका होये कित्याक आसतत? तेका हात नाय?"

"तां तेकाच इचार, वैनी. सांगूचा काम माझा न्हय."

मी उठले. "सांगण्यासारखा काय असता तर सांगलं असतंस!" असं म्हणून तरातरा घरी आले. बंद दारासमोर उभं राहून हात दुखेपर्यंत कडी वाजवावी, असं झालं होतं मला.

नवऱ्याला विचारायचं? विचारलं असतं तर तो पुन्हा खोटं बोलला असता. आणि खरं बोलला असता तर? नवरा हातचा गेला, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. विचारण्यापेक्षा मी दुसरं ठरवलं. नवरा एक दिवस पाहुण्यांकडे गेला होता, तेव्हा त्याचा डबा काढला. मथुरेची एकेक गाठ सुरीने कापली. कापताना फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! मग नवा तांगूस घेऊन सगळे गळ मी स्वतः बांधले. पीळ तेवढेच, फाशी तशीच. तोंडात घातले नाहीत. पाण्यातही बुडवले नाहीत. तिने सांगितलं होतं ना भिजव म्हणून, मग तर मुळीच नाही. आणि शेवटी नवऱ्याची विडी पेटवून, खोकत खोकत, प्रत्येक शेंड्याला मणी केला. काही मणी वाकडे झाले. पण मणी ते मणीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना नवऱ्याने डबा उघडला. मी चुलीपुढे बसून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. त्याने सोडणावरून बोट फिरवलं. एकदा, मग सावकाश पुन्हा एकदा. क्षणभर थांबला. मग त्याने डबा बंद केला आणि काखेत मारला.

"येतंय," म्हणाला.

त्याला कळलंच नाही! मला हसू आलं, आणि मग रागही आला. म्हणजे तिची गाठ काय नि माझी काय, याला सगळं सारखंच? तरी दिवसभर मी खुशीत होते. आज माझा नवरा माझ्या गाठी घेऊन दर्यात गेला होता.

*

होड्या परत यायच्या वेळेला मी पाटी घेऊन किनाऱ्यावर गेले. आमची होडी लागली होती, पण तिच्याभोवती माणसं जमली होती आणि कोणी मासे उतरवत नव्हतं. नवरा होडीला पाठ टेकून उभा होता. मान खाली.

बोलत होता बाबली. बाबली हा होडीवरचा एक खलाशी, तोंडाने फटकळ आणि तांडेल व्हायची घाई असलेला. त्याच्या हातात तांगुसाचं टोक होतं.

"बघा, नानानू, शेंडो बघा! डुकराच्या शेपटेसारको गुंडाळलो. खडपार घासान तुटतो तर सरळ तुटतो. माशान दातान कापतो तर फाटको दिसतो. ह्यो गाठीतसून निसाटलो. गोब्रो होतो, नानानू! माझ्या एवढो गोब्रो! दोनदा वर इलो, आमी तोंड बघला तेचा. आणि तांडेलाची गाठ सुटली."

तांडेलाची गाठ सुटली. हे वाक्य मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बाजारात मी छाती पुढे काढून सांगायचे, माझ्या घोवाची गाठ ब्रह्मदेवाला सुटायची नाही. आणि तो शेंडा माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता, टोकाला वाकडा मणी.

नाना कोयंडे म्हातारे, शांत माणूस. त्यांनी डबा मागून घेतला. सोडणातला एक गळ काढला, एका हातात गळ, दुसऱ्या हातात तांगूस धरून जोर लावला. गाठ सुर्र करून सुटली. दुसरा काढला. तोही सुटला.

"मोतीराम," नाना म्हणाले, "बांध बघया एक. हय, माझ्यासमोर."

नवऱ्याने गळ घेतला. तांगूस घेतला. हात लांब केला, मान मागे घेतली, आणि तांगुसाचं टोक नेढ्याच्या बाजूने गेलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्याच्या अंगठ्याला टोचलं. मला वाटलं अपमानाने त्याचे हात कापताहेत. बाबली हसला. ते हसू मला सहन झालं नाही.

मी पाटी टाकली आणि पुढे झाले. "ती गाठ तेंची न्हयच मुळी! मथुरेची आसा! मथुरा बांधून दिता तेंका गळ. चोरून! इचारा तिका!"

आता यात नवऱ्याची अब्रू वाचवणं किती होतं आणि मथुरेला चव्हाट्यावर आणणं किती होतं, हे मी वेगळं करायला गेले नाही. दोन्ही एकाच दगडात होत होतं. नवऱ्याने झटकन वर पाहिलं, माझ्याकडे. रागाने नव्हे. कसं ते मला तेव्हा समजलं नाही.

मथुरा वरच्या अंगाला सुरूच्या झाडांखाली जाळं झाडत होती. कोणीतरी हाक मारली. ती आली. येताना पदराला हात पुसत आली, जशी कोणाच्या घरी बोलावल्यावर यावी.

नानांनी तिच्या हातात तो गुंडाळलेला शेंडा दिला. "मथुरे, ही गाठ तुझी?"

तिने शेंडा तळहातावर घेतला. नखाने मणी खरवडला. तांगुसावर जिथे गाठ बसली होती तिथे तो पांढुरका पडला होता, जळल्यासारखा. त्यावरून तिने बोट फिरवलं. मग मान वर करून तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण तेवढ्यात मला दिसलं, तिला कळलं होतं. आता ही सांगणार. कोरडी ओढलेली गाठ आहे, माझ्या दारात बसून हिनेच ओढली होती तशी. सगळ्या किनाऱ्यासमोर सांगणार, आणि का नाही सांगणार?

"होय," मथुरा म्हणाली. "माझीच."

"बाबू तारीच्या चेडवाची गाठ सुटली?" नानांना विश्वास बसेना. "आणि मणी? तू कदी मणी करूक लागलंस?"

"चुकली माझी, नानानू."

तिच्या बापाच्या गाठीवर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं, आणि तिने ती अशी सहज मातीत घातली. बाबलीने शीळ घातली. "अशी भानगड आसा तर! रात्री गाठी बांधी होत्यात काय दोघा, तांडेलानू? एकमेकांच्या?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मथुरा तशीच उभी राहिली. मी तिच्या जागी असते तर बाबलीच्या मुस्काटात दिली असती. तिने नुसता शेंडा मुठीत घेतला.

तेवढ्यात नवरा बोलला. "तिका बोलू नका."

"मग कोणाक बोलूचा?" बाबली म्हणाला.

"माका बोला." नवऱ्याने हातातला गळ नानांच्या हातात दिला. "नानानू, माका गळाचा नेडा दिसना नाय. दोन पावसाळे झाले. लांबचा सगळा दिसता. देवळाचो कळस दिसता, डोंगराची खूण दिसता, पाण्याचो रंग दिसता. हातातला दिसना नाय. ती बांधून दिता म्हणान मी दर्यात जातंय. दुसरा काय एक नाय. आयेशपथ."

एवढं तो आयुष्यात एका दमात कधी बोलला नव्हता.

हसणं थांबलं. नानांनी गळ सोडणात परत खोवला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. ज्याला स्वतःचा गळ बांधता येत नाही त्याच्या मागे माणसं दर्यात कशी जाणार? आज नेढं दिसत नाही, उद्या खडप दिसणार नाही. खरं तर दोन्हींचा काही संबंध नव्हता. पण ते तेव्हा कोण कोणाला समजावणार?

"उद्यापासून सुकाणू बाबली धरतलो," नाना म्हणाले. "तू होडयेर ऱ्हव, मोतीराम. पण फुडे बस."

नवऱ्याने मान हलवली. मग त्याने डबा उचलला आणि घराकडे चालू लागला. मथुरेकडे त्याने पाहिलं नाही. मथुरेनेही नाही. हे मी नीट बघितलं, कारण त्या क्षणीसुद्धा मी तेच बघत होते.

*

मी त्याच्या मागोमाग चालले. वाटेत मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. घर जवळ आल्यावर मला राहवेना.

"दिसना नाय तर माका सांगूक काय झाला होता?"

"काय सांगू? तू बाजारात फुशारकी मारतंस, माझ्या घोवाची गाठ ब्रह्मदेवाक सुटाची नाय. तुका सांगू, तुझ्या घोवाक गळाचा भोक गावना नाय म्हणान?"

"आणि तिका सांगल्यात!"

"तिका सांगूक नाय. तिणा बघल्यान." तो थांबला. "मी झाडाखाली बसान नेड्यात तांगूस घालूक बघी होतंय. ती बाजूक होती. उठली, हातातसून गळ घेतल्यान, बांधल्यान, परत दिल्यान. एक शब्द बोलाक नाय. दुसऱ्या दिवसापासून मीच नेऊन देवक लागलंय."

म्हणजे तिला एका नजरेत दिसलं. एका घरात राहून, ताटाला ताट लावून जेवून मला दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भाकरीतला खडा त्याला दिसेनासा झाला होता आणि मी म्हणायचे, खाताना लक्ष कुठे असतं!

"चष्मो घेवचो होतो."

"चष्म्याचो तांडेल खय बघलंस?"

खरं होतं. तेव्हा कोणी पाहिला नव्हता. पुढे त्याने चष्मा घेतला, नेढंही दिसू लागलं, पण सुकाणू काही परत मिळालं नाही. बाबली कसा का असेना, वीस वर्षं तांडेल राहिला आणि माझा नवरा त्याच्या पुढ्यात बसून मासे ओढत राहिला. ते मी कसं बघितलं ते माझं मला माहीत.

घराच्या पायरीवर मी त्याला अडवलं. सांगायचं नव्हतं, पण त्याने खोटं धरून बसावं हेही मला नको होतं. मथुरेची म्हणून त्याने मनात ठेवलेली ती गाठ मला नको होती. निदान सुटलेली गाठ तरी माझी असू दे!

"त्यो गाठी तिच्यो नव्हत्यो," मी म्हणाले. "माझ्यो होत्यो. तिच्यो मी कापून टाकलंय."

"माका म्हायत आसा."

"कसा?"

"डोळे गेले, बोटां नाय गेली. सकाळी सोडणार बोट फिरवलंय तेवाच समाजला. मथुरेच्या गाठयेक मणी नसता. आणि मणी पण वाकडो. माझ्यासारको मणी करूक बघणारा घरात दुसरा कोण आसा?"

"मगे गळ टाकल्यात कित्याक?"

मी काहीतरी वेडंच विचारलं असावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

"तू बांधललंस म्हणान," तो म्हणाला आणि वाकून घरात गेला.

सुकाणू गेलं होतं, वाडीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, आणि मी पायरीवर उभी राहून नव्या नवरीसारखी लाजले. त्या संध्याकाळी मी बांगडे तळले. त्याच्या ताटात जास्त वाढले. भाकरी मोडून दिली. बाबलीची नक्कल करून दाखवली तर तो हसलासुद्धा. तो माझाच होता. माझी गाठ आहे हे कळूनही त्याने ती पाण्यात टाकली होती. याच्यापुढे मथुरा कोण?

जेवणं झाल्यावर मागच्या दारी ताटं घासायला बसले. राखेने ताट घासता घासता माझा हात थांबला.

ती गाठ माझी आहे हे मथुरेला कळलं होतं आणि ती म्हणाली, माझीच. ती गाठ माझी आहे हे नवऱ्यालाही माहीत होतं आणि तो म्हणाला, तिका बोलू नका. गाठ तिची नाही, असं तो म्हणाला नाही. तिने माझं नाव घेतलं नाही, त्याने घेतलं नाही. त्याने त्यासाठी सुकाणू घालवलं आणि तिने बापाची गाठ घालवली. त्यानंतर वाडीत कोणी बाबू तारीच्या गाठीचं कौतुक केलं नाही, आणि तिने खरं काय ते कधी उलगडून सांगितलं नाही. आणि त्या वेळी दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, मी बघत होते ना!

ठरवून बोलले असते तर मी समजू शकले असते. भांडले असते, निस्तरलं असतं. पण ठरवायला त्यांना वेळ कुठे मिळाला होता? दोघांनी मला वाचवायला एकच खोटं सांगितलं आणि ते न ठरवता सांगितलं. नवऱ्याबरोबर मी सगळा संसार केला, पोरं वाढवली, त्याला शेवटचं पाणीही मीच पाजलं. पण न ठरवता एकच गोष्ट आम्हा दोघांच्या तोंडून कधी निघाली नाही.